कानात वाजतंय आणि बाहेरचा आवाज सोसत नाही : गोव्यात कुठे जायचं, काय विचारायचं, घरी काय करायचं

पाच वर्षांमागे एका डॉक्टरने मला दोन मिनिटांत सांगितलं, याला औषध नाही, सवय करून घ्या. मी केसपेपर घेतला, बाहेर आलो आणि बस स्टँडवर बसून राहिलो. कानात शिट्टी चालूच होती. ते वाक्य चुकीचं नव्हतं हे मला खूप नंतर कळलं, सवय खरंच होते, पण ती कशी करायची हे शिकावं लागतं, त्याची माणसं आहेत, त्याची पद्धत आहे, आणि ते शिकणं हाच यातला मुख्य उपचार. हे कुणी सांगितलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय, डिचोली, साखळी, वाळपय, पेडणे, फोंडा अशा गावांतून कुणी याच त्रासात असेल तर त्याला उपयोगी पडावं.

आधी माझं थोडक्यात. चवथीचे म्हणजे गणपतीचे पाच दिवस रोज रात्री घुमट आरती, हॉल लहान, शामेळ (ढोलासारखं वाद्य) आणि कांसाळे (मोठे टाळ) अगदी उजव्या कानाजवळ. मग दिवाळीआधी नरकासुराचे पुतळे मिरवतात त्या रात्री मोठ्या स्पीकरच्या बाजूला तीनचार तास उभा होतो. सकाळी उठलो तर दोन्ही कानांत बारीक शिट्टी, वाटलं दोन दिवसांत जाईल, गेली नाही. दोनेक महिन्यांनी दुसरंच सुरू झालं, स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण पडलं तरी कानात सुरी घातल्यासारखं व्हायचं, पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंपू वाजला की मी खिडकी लावून घ्यायचो. बायकोला वाटायचं मी चिडलोय. मी चिडलो नव्हतो, घाबरलेलो होतो.

पहिल्यांदा हे वाचा, कारण यात उशीर चालत नाही. एका कानाने अचानक, म्हणजे एकदोन दिवसांत, कमी ऐकू यायला लागलं असेल आणि सोबत कान वाजत असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, रविवार असेल तर बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात कॅज्युअल्टीत जा. यात स्टिरॉइड देतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत, शक्य तितकं लवकर सुरू झालं तर फायदा व्हायची शक्यता जास्त असते, नंतर ती संधी हातची जाते. बरेच लोक मळ साचला असेल म्हणून ड्रॉप टाकत बसतात आणि महिना घालवतात. तसंच, कानातला आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धक धक असा येत असेल (मनगटावर बोट ठेवून ताल जुळतो का बघा), फक्त एकाच कानात असेल, गरगर चक्कर येत असेल, तोंड एका बाजूला वाकडं झालं असेल, कानातून पू किंवा रक्त येत असेल, डोक्याला मार लागल्यावर सुरू झालं असेल, तर नीट तपासून घ्यायलाच हवं, यातल्या काहींत एमआरआय लागतो. दोन्ही कानांत सारखं वाजतंय आणि बाकी काही नाही, तर सरसकट एमआरआयची गरज नसते, हेही लक्षात ठेवा, नाहीतर घाबरलेला माणूस आधी स्कॅनच करून येतो.

आणि जगणं नको वाटण्यापर्यंत मन गेलं असेल तर कानाची तपासणी नंतर, आधी १४४१६ ला फोन. ही सरकारची टेली मानस हेल्पलाईन, २०२२ मध्ये सुरू झाली, २४ तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रात्री तीन वाजता कानातलं वाजणं सगळ्यात मोठं वाटतं तेव्हा हा नंबर मोबाईलमध्ये आधीच सेव्ह केलेला असला पाहिजे.

आता जायचं कुठे. गावातल्या आरोग्य केंद्रातून सुरुवात केली तरी चालतं. तिथला डॉक्टर कानात बघून मळ आहे का, पडदा कसा आहे, बुरशी धरलीय का एवढं सांगू शकतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने कानात बुरशी धरणं खूप असतं, निव्वळ मळ किंवा बुरशीमुळे कान वाजत असेल तर ते साफ केल्यावर जातंही. बीपी, रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड हेही तिथेच बघून घ्या. पुढे कान-नाक-घसा म्हणजे ईएनटी. उत्तर गोव्यात म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, दक्षिणेत मडगावचं, आणि मोठं काही असेल तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, आपण सगळे जीएमसी म्हणतो ते, सावंतवाडी दोडामार्गकडची माणसंही तिथेच येतात म्हणून ओपीडीला गर्दी असते, पहिल्या बसने गेलेलं बरं. खासगीत जायचं असेल तर पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा सगळीकडे ईएनटी मिळतात. पण जाण्याआधी फोनवर एक प्रश्न विचारा, तुमच्याकडे ऑडिओमेट्री होते का आणि ऑडिओलॉजिस्ट कुठल्या वारी बसतो. हे न विचारता गेलात तर फक्त डॉक्टर भेटतो, तपासणीला परत दुसरी फेरी.

ऑडिओलॉजिस्ट हा वेगळा माणूस असतो हे मला माहीतच नव्हतं. ईएनटी डॉक्टर रोग शोधतो, औषध किंवा ऑपरेशनचं बघतो, ऑडिओलॉजिस्ट ऐकण्याची तपासणी करतो, श्रवणयंत्र बसवतो आणि साउंड थेरपी शिकवतो. कान वाजण्याच्या त्रासात खरा वेळ याच माणसासोबत जातो. त्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियात असावी लागते, श्रवणयंत्राच्या दुकानात बसलेला प्रत्येकजण ऑडिओलॉजिस्ट नसतो, त्यामुळे बिनधास्त विचारा, विचारण्यात काही चुकीचं नाही.

ओपीडीत वेळ पाचदहा मिनिटांचा मिळतो, म्हणून घरून एक कागद लिहून न्या. तोंडी सांगायला गेलं की आपण "खूप त्रास होतो हो डॉक्टर" यावरच अडकतो आणि डॉक्टरला कामाची माहिती मिळत नाही. कागदावर काय लिहायचं : कधीपासून, एका कानात की दोन्ही, सतत की येऊनजाऊन, आवाज कसा (शिट्टी, रातकिडे, पाण्याचा, ठोक्याचा), मोठ्या आवाजात काम केलंय का, खाणीवर, ट्रॉलरच्या इंजिनजवळ, गॅरेजमध्ये, हणजूण वागातोरकडे क्लबात, बँडमध्ये, जबडा दुखतो का, मान दुखते का, जबडा हलवल्यावर आवाज बदलतो का. झोप किती तास. आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, कारण जास्त डोसची अॅस्पिरिन, अमिकासिन जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, कॅन्सरचं सिस्प्लॅटिन, पाणी काढायची फ्युरोसेमाइड, क्विनाइन यांनी कानावर परिणाम होऊ शकतो. पण शंका आली म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नका, ज्याने दिली त्याला विचारा, हृदयाची किंवा टीबीची गोळी मध्येच तोडणं कान वाजण्यापेक्षा महागात पडतं.

आवाज सोसत नसेल तर ते कागदाच्या सगळ्यात वर लिहा आणि तोंडानेही सांगा, का ते पुढे येतंय.

तपासण्या अशा असतात. आधी कानात बघतात, मग ट्यूनिंग फोर्क म्हणजे चिमट्यासारखा काटा वाजवून कपाळावर कानामागे धरतात. मग बंद खोलीत हेडफोन लावून ऑडिओमेट्री, बीप ऐकू आला की बटण दाबायचं, साधारण २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. मग टिम्पॅनोमेट्री, कानात हवेचा दाब देऊन पडदा हलतो का बघतात. कधी ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का), कधी बेरा (आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का). कान वाजण्यासाठी खास असं म्हणजे पिच मॅचिंग, तुमच्या कानातल्या शिट्टीशी जुळणारा आवाज मशिनवर शोधतात. माझ्यासाठी ही तपासणी फार मोठी होती, पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी माझा आवाज ऐकला, मी कल्पना करत नाहीये हे सिद्ध झालं, तिथे मी रडलो.

टिम्पॅनोमेट्रीसोबत बऱ्याचदा रिफ्लेक्स टेस्ट करतात, त्यात मोठे आवाज देतात, आवाज न सोसणाऱ्या माणसाला तो भाग फार जड जातो. म्हणून आधीच सांगायचं, मला आवाज सोसत नाही, कमी आवाजापासून हळूहळू चढवा आणि मी हात वर केला की थांबा, नाहीतर ती टेस्ट आज नको. कोणता आवाज किती डेसिबलला असह्य होतो हे मोजायची वेगळी तपासणी असते, तिला एलडीएल म्हणतात, तीही अशीच सावकाश करून घ्यायची. मशिनने मळ ओढून काढतात त्याचा आवाज कानाच्या आत मोठा येतो, एमआरआय मशिनही खूप वाजते, तिथे इअरप्लग आणि वरून हेडफोन दोन्ही मागून घ्या.

रिपोर्ट नॉर्मल आला तर लोक खचतात, म्हणजे मग माझं काय. नॉर्मल ऑडिओग्राम म्हणजे त्या तपासलेल्या सुरांवर सगळ्यात हळू आवाज तुम्हाला ऐकू आला एवढंच. त्याने कान वाजणं खोटं ठरत नाही. रिपोर्टची झेरॉक्स काढून ठेवा, दोन वर्षांनी तुलना करायला लागते.

आत काय होतं ते मला ऑडिओलॉजिस्टने समजावलं ते असं. आतल्या कानात शंखासारख्या भागात सुमारे १५,००० केसपेशी असतात, मोठ्या आवाजाने किंवा वयाने त्यातल्या काही मरतात आणि परत उगवत नाहीत. त्या सुरांची माहिती मेंदूकडे कमी पोचायला लागते, मग मेंदू रेडिओचं स्टेशन नीट लागत नाही तेव्हा आपण आवाज वाढवतो तसं करतो, आणि त्या वाढवलेल्या आवाजात खरखर ऐकू येते. इथपर्यंत बऱ्याच लोकांचं होतं. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी नीट ऐकू येणाऱ्या ८० माणसांना पूर्ण शांत खोलीत बसवलं तर ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं सांगितलं. म्हणजे शांततेत आवाज येणं हे जवळजवळ सगळ्यांचं. मग त्रास का होतो, तर मेंदूने त्या आवाजाला धोका म्हणून शिक्का मारला की तो त्याच्यावर पहारा ठेवतो, पहारा ठेवला की आवाज मोठा वाटतो, मोठा वाटला की भीती वाढते, झोप जाते, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशी अजून मोठा. हे चक्र तोडायचं. पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये हीच मांडणी केली आणि तिच्यावरून टिनिटस (म्हणजे कान वाजणं) रिट्रेनिंग थेरपी आली, समुपदेशन आणि हळू आवाज दोन्ही मिळून.

हे समजलं त्या दिवशी माझा निम्मा त्रास उतरला, आवाज तेवढाच होता तरीही.

आता आवाज न सोसण्याबद्दल, कारण यात मी स्वतः मोठी चूक केली. दोन वेगळ्या गोष्टी असतात. साधे आवाज, भांडी, मिक्सर, मूल ओरडलं, हे सगळेच जास्त मोठे किंवा दुखरे वाटतात त्याला हायपरअॅक्युसिस म्हणतात. ठरावीकच आवाज, कुणाचं चघळणं, घोरणं, पेनची टकटक, आणि त्याने प्रचंड राग किंवा किळस येते ते मिसोफोनिया, त्यात आवाज मोठा असायची गरज नसते. दोन्ही एकत्रही असू शकतात. डॉक्टरला नुसतं आवाजाचा त्रास म्हटलं तर वाट चुकते, म्हणून उदाहरणं द्या, कुठला आवाज, दुखतं की राग येतो की भीती वाटते, आवाज थांबल्यावर किती वेळ राहतं.

माझी चूक अशी, मी दिवसभर इअरप्लग घालायला लागलो. घरात, बसमध्ये, जेवताना सुद्धा. तीन महिन्यांत परिस्थिती अशी झाली की कागद चुरगळला तरी सोसेना. कान बंद केले की मेंदूला आवाज अजून कमी मिळतो आणि तो आतला व्हॉल्यूम अजून वाढवतो. २००३ मध्ये एक अभ्यास झाला होता, काही लोकांना दोन आठवडे प्लग लावले आणि काहींना हळू सूं आवाज देणारं यंत्र लावलं, प्लगवाल्यांची सहनशक्ती कमी झाली, यंत्रवाल्यांची वाढली. तेव्हा नियम असा धरा, प्लग फक्त खरोखर मोठ्या आवाजाला, ग्राइंडर, फटाके, स्पीकर, नगारा अगदी जवळ. रोजच्या घरगुती आवाजाला प्लग नाही. पण आधीच महिनोन्महिने लावत असाल तर एका दिवसात काढून टाकू नका, आठवड्याला थोडं थोडं, आज सकाळचा एक तास, मग दोन.

प्लग काढण्यासोबत दुसरं म्हणजे दिवसभर हळू आवाज आजूबाजूला ठेवणं, याला साउंड एनरिचमेंट म्हणतात, पैसे लागत नाहीत. पंखा, खिडकी उघडी ठेवून बागेतले पक्षी, मोबाईलवर पावसाचा किंवा नदीचा आवाज, लहान स्पीकरवर, कानात घालून नको. आवाज किती ठेवायचा हे महत्त्वाचं, कानातली शिट्टी पूर्ण बुडवायची नाही, दोन्ही ऐकू येतील आणि शिट्टी जराशी मागे जाईल एवढाच. पूर्ण झाकलं तर मेंदूला तिच्यासोबत राहायला शिकायला मिळत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कौलांच्या नळ्यांवर पाऊस पडतो ती सगळ्यात चांगली थेरपी असं मला वाटतं, मी एक जुलैची रात्र मोबाईलवर दोन तास रेकॉर्ड केली आणि आता एप्रिल मेमध्ये तीच लावतो.

मग यादी. मी न सोसणारे दहा आवाज लिहिले आणि त्यांना ० ते १० मार्क दिले. पेपर उलटणं २, नळाचं पाणी ३, नुस्तेवाल्याचा (मासेवाल्याचा) हॉर्न लांबून ४, कुकरची शिट्टी ७, मिक्सर ८, स्टीलचं ताट लादीवर पडणं १०. मग सगळ्यात सोप्यापासून सुरुवात, रोज थोडा वेळ, स्वतःच्या हाताने तो आवाज करायचा. स्वतः केलेला आवाज कमी लागतो, अचानक आलेला जास्त. कुकरची शिट्टी आधी मोबाईलवर रेकॉर्ड करून अगदी हळू ऐकली, मग शेजारच्या खोलीत बसून, मग स्वयंपाकघराच्या दारात. आई प्रत्येक शिट्टीआधी "येतेय हं" अशी हाक द्यायची. कुकरला मला सहा आठवडे लागले. मिक्सरला चार महिने. मध्ये एखादा दिवस वाईट जातो, त्या दिवशी एक पायरी खाली उतरायचं, सोडायचं नाही. हे ऑडिओलॉजिस्ट किंवा सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीत केलं तर चांगलं, विशेषतः आवाजाने कान तासन्तास दुखत राहत असेल तर स्वतःच्या मनाने ढकलू नका.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राला नाही म्हणू नका. आपल्याकडे चष्मा सहज लावतात पण यंत्र म्हटलं की म्हातारपण आलं असं वाटतं. बाहेरचे आवाज परत नीट यायला लागले की आतली शिट्टी बऱ्याच जणांची मागे पडते, काही यंत्रांत हळू सूं आवाजाची सोयही असते. घेण्याआधी काही दिवस ट्रायल मागा, लगेच पैसे भरू नका. उत्पन्न कमी असेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेत अटीत बसणाऱ्यांना यंत्र मिळतं, त्याची चौकशी समाजकल्याण खात्यात करा. आणि गोव्यात समाधान झालं नाही तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मैसूरला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आहे, दोन्ही सरकारी, या विषयातली देशातली मोठी ठिकाणं. मडगावहून कोकण रेल्वेने मुंबई एका रात्रीचं काम आहे, पण आधी फोन करून अपॉइंटमेंट घ्या.

आता मनाचा भाग. इथे लोक मागे फिरतात, मला वेडा समजता का म्हणतात. ज्या उपचाराने या त्रासात आयुष्य सुधारतं याचा सगळ्यात चांगला पुरावा आहे तो म्हणजे सीबीटी, बोलून आणि सराव करून विचारांची सवय बदलणं. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) तेच निघालं. त्याने शिट्टीचा आवाज कमी होत नाही हे आधीच सांगतो, त्रास कमी होतो. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरायचं, हे असंच राहणार आणि मी कधी झोपणार नाही. सायकॉलॉजिस्टने मला ते लिहायला लावलं आणि खाली मागच्या आठवड्यात किती तास झोपलास ते लिही म्हणाली. पाच, सहा, चार, सहा, सात. कधी झोपणार नाही हे खरं नव्हतं, कागदावरच दिसत होतं. असं छोटंछोटं करत जातं ते, १०-१२ बैठका.

यासाठी बांबोळीला जीएमसीजवळच आयपीएचबी आहे, मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ. नावाने लोक घाबरतात पण तिथे ओपीडीत झोप, चिंता यासाठी कितीतरी साधी माणसं येतात. पर्वरीची संगाथ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करते, तिथेही विचारून बघा. पहिल्या भेटीत सरळ म्हणा, मला टिनिटस आहे, झोप आणि भीतीसाठी सीबीटी हवी, म्हणजे गोलगोल फिरत नाही. टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात, हो ला ४, कधीकधीला २, नाहीला ०, एकूण १०० पैकी. मी पहिल्यांदा ७२ होतो. दर तीन महिन्यांनी परत भरा, कारण सुधारणा इतकी हळू होते की रोजच्या रोज दिसत नाही, आकडा दाखवतो. वर्षभराने मी ३० वर आलो, शिट्टी मॅचिंगमध्ये जवळजवळ तेवढीच होती.

औषधांबद्दल स्पष्ट सांगतो कारण यात लोकांचे पैसे जातात. नुसतं कान वाजणं बंद करणारी मान्यता मिळालेली गोळी आजच्या घडीला नाही. बीटाहिस्टिन आपल्याकडे सर्रास लिहून देतात, चक्करेच्या मेनियर आजारात डॉक्टर ती वेगळ्या कारणाने देतो, पण कान वाजण्यावर तिचा उपयोग दिसला नाही असं २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात आलंय. जिन्को बिलोबा, झिंकच्या गोळ्या, अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हे देऊ नका असंच म्हटलंय. पण नैराश्य किंवा चिंता वेगळी असेल आणि त्यासाठी मानसोपचार डॉक्टरने गोळी दिली तर ती घ्या, ती त्या आजारासाठी आहे. कानात कोमट खोबरेल, लसणाचं तेल, कुणाचा मुळीचा रस, हे घालू नका, पडद्याला भोक असेल तर आत जाऊन पू होतो आणि पावसाळ्यात बुरशीला तर आमंत्रणच. मेणबत्ती कानात लावणारेही भेटतात, भाजल्याच्या केसेस होतात त्यात. पंधरा दिवसांत कायमचं बंद करतो म्हणणाऱ्याकडे एक रुपया देऊ नका, तो कुणीही असो.

झोपेसाठी : रोज एकाच वेळी उठा, रात्री कितीही कमी झोप झाली तरी. पूर्ण काळोख शांतता नको, पंखा किंवा पावसाचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठून वसरीवर जाऊन बसा, पेंग आली की परत. दारू पिऊन झोप लागते असं वाटतं पण पहाटे तीनला जाग येते. चहाकॉफी सोडायची सक्ती नाही, तुम्हाला स्वतःला फरक जाणवत असेल तर दुपारनंतर बंद करा, एवढंच. आणि शिट्टी आज मोठी आहे का लहान हे दिवसातून दहा वेळा कान देऊन तपासायची सवय असते ना, ती सोडायला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेची.

घरच्यांना सांगताना "तुम्हाला कळणार नाही" असं म्हणू नका, मी म्हणायचो. पिच मॅचिंगमध्ये सापडलेल्या सुराचा आवाज मोबाईलवर टोन जनरेटरने हळू लावून बायकोला पाच मिनिटं ऐकवला. त्यानंतर तिने परत कधी विचारलं नाही की एवढं काय आहे त्यात. घरच्यांकडून ठरावीक गोष्टी मागा, मिक्सर लावण्याआधी सांगा, दार आपटू नका, जेवताना टीव्ही हळू. सगळं घर मुकं करू नका, त्याने तुमचंही नुकसान आणि त्यांचंही.

बाहेरच्या आवाजाचं. कानासाठी हिशोब असा, ८५ डेसिबलला ८ तास, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मोबाईलवर आवाज मोजायचं फुकट अॅप असतं, अगदी अचूक नसलं तरी अंदाज येतो. कायदाही आहे, ध्वनिप्रदूषण नियम २०००, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सणासाठी रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्यामुळे आधी तो दिवस त्यात येतो का बघा. रात्री त्रास असेल तर ११२ ला फोन, वेळ आणि जागा लिहून ठेवा, फोन केल्याची वेळ पण. मी आधी शेजाऱ्याशी बोलतो, दुपारी, चहा पिताना, भांडणाच्या रात्री नाही. आमच्या वाड्यावरच्या पोरांना रिपोर्ट दाखवून समजावलं तर नरकासुराचा स्पीकर त्यांनी माझ्या घराच्या बाजूचा फिरवून रस्त्याकडे केला, न मागता.

चवथ मी सोडली नाही. पहिल्या वर्षी मात्र त्या पाच दिवसांत मावशीकडे केपेला जाऊन राहिलो आणि घरी परतलो तेव्हा मला आरती चुकल्याचं कानापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या वर्षापासून असं करतो : वाजवणाऱ्यांच्या मागे नाही आणि बाजूलाही नाही, दाराजवळ उभा राहतो, तिथून बाहेर पडता येतं. संगीतकार वापरतात ते फिल्टरवाले प्लग घेतलेत, आवाज सगळा येतो पण कमी होऊन, फोमच्या प्लगसारखं पाण्याखाली गेल्यासारखं होत नाही. कांसाळे वाजवणाऱ्या चुलतभावाला सांगून ठेवलंय की माझ्या बाजूला तोंड करू नको. अर्ध्या तासाने दहा मिनिटं बाहेर मांगराकडे (शेतातल्या खोपीकडे) जाऊन येतो. आरती संपली की प्लग लगेच काढतो आणि जेवायला सगळ्यांसोबत बसतो, ताटं वाट्या वाजतात ते वाजू देतो. रात्री शिट्टी थोडी चढलेली असते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरते, तीन दिवसांनी सुद्धा उतरली नाही किंवा ऐकू कमी वाटलं तर परत ऑडिओमेट्री करायची असं ऑडिओलॉजिस्टने सांगून ठेवलंय.